जुन्या बोटीचे काटे दर सीझनला नाचतात, गेज बदलूनही फरक पडत नाही: काय तपासायचं आणि कुठून सुरुवात करायची

जुनी मोटरबोट ज्यांच्याकडे आहे त्यांना हे ओळखीचं असेल. नारळी पौर्णिमा होते, पाऊस ओसरतो, शाकारून ठेवलेली बोट उघडून पाण्यात सोडायची, चावी फिरवायची आणि बघायचं तर पेट्रोलचा काटा फुल्लच्याही पुढे जाऊन अडकलाय, आरपीएमचा मेलाय, टेंपरेचरचा मधूनच उडी मारून लालमधे जातो आणि परत खाली येतो. मेकॅनिक येतो, गेज गेला म्हणतो, नवीन टाकतो, थोडे दिवस बरं चालतं आणि परत तेच. पुढच्या वर्षी दुसरा गेज. असं करत करत डॅशबोर्डवर वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या रंगांचे काटे जमा होतात आणि प्रॉब्लेम जिथल्या तिथे.

म्हणून आधीच सांगतो, प्रॉब्लेम फिरून फिरून येत असेल तर गेजला हात लावू नका, आधी मोजा. गेज स्वतः क्वचित जातो. जातात ते जोड, अर्थिंग (करंट बॅटरीकडे परत जायची निगेटिव्ह वाट) आणि टाकीतला फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग), आणि हे तिन्ही खाऱ्या हवेत हळूहळू जातात, त्यामुळे एक दिवस चालतं एक दिवस नाही असा खेळ होतो. नवीन गेज बसवताना त्या जागेच्या वायरी हलतात, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) घासली जाते, कनेक्शन तात्पुरतं सुधारतं आणि सगळ्यांना वाटतं गेजच खराब होता.

आमची बोट १९ फुटी, फायबरची, अमेरिकेत बनलेली, नव्वदच्या दशकातली, मागे चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि त्याला स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि पंखा फिरवणारा ड्राइव्ह मागच्या भिंतीबाहेर. अलिबाग बाजूला खाडीत असते. घेतली तेव्हापासून काट्यांचा हा त्रास होता आणि आधीच्या मालकाने दोन गेज नवीन टाकलेले होते, तरी होता. शेवटी सगळं उघडून पाठीमागून पुढे मोजत आलो तेव्हा मूळ तीन ठिकाणी सापडलं. आउटबोर्डवाल्यांना, म्हणजे ज्यांचं अख्खं इंजिन बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं असतं त्यांना, यातलं बरंचसं तसंच लागू पडेल, जिथे फरक आहे तिथे सांगतो.

पक्कड घेण्याआधी थोडा वेळ नुसतं बघा. एकच काटा चुकतोय का सगळे एकदम? एकच असेल तर त्याची स्वतःची वायर किंवा सेंडर, म्हणजे टाकीत किंवा इंजिनवर बसून काट्याला माप पाठवणारा भाग. सगळे एकदम पडत असतील तर सगळ्यांना कॉमन असलेलं काहीतरी, म्हणजे इग्निशन स्विचकडून येणारी फीड, फ्यूज किंवा डॅशचा निगेटिव्ह. नेव्हिगेशन लाइट लावले किंवा बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) चालू झाला की काटे सरकतात का? सरकत असतील तर जवळजवळ नक्की निगेटिव्ह, कारण लाइटचा करंट परत जायला नीट रस्ता नाही म्हणून तो गेजमधून वाट काढतोय. ड्राइव्ह वर-खाली केल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवल्यावर बिघडतं का? मग मागे ट्रान्समजवळ (बोटीच्या मागच्या भिंतीजवळ), जिथे वायर दर वेळी वाकते, तिथे आत तुटलेली असणार. लाटेवर आपटल्यावरच होत असेल तर लूज कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग. हे निरीक्षण कागदावर लिहा, खरंच लिहा, कारण नंतर दहा वायरी उघड्या पडल्या की काय कशामुळे होत होतं ते आठवत नाही.

मग बॅटरी. इंजिन रात्रभर बंद असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली असेल तर पुढचं काही तपासू नका, आधी चार्ज करा. स्टार्टर मारताना साधारण ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू करून थोडा थ्रॉटल दिल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. बॅटरीच्या टर्मिनलवर हाताने पिळायचे पंखवाले नट असतील तर काढून टाका आणि साधा नट पान्याने आवळा, पंखवाला नट व्हायब्रेशनने सैल होतोच. आणि एकाच टर्मिनलवर पाच-सहा थिंबल एकावर एक चढवलेल्या असतात, फिशफाइंडर इथेच, स्टिरिओ इथेच, पंप इथेच, ते सगळं उतरवून एका बसबारवर (अनेक वायरी जोडायच्या धातूच्या पट्टीवर) न्या. नुसत्या एवढ्याने अर्ध्या बोटी सुधारतील असं माझं मत आहे.

आता मुख्य गोष्ट, आणि यावर जरा वेळ घालवतो कारण इथेच बहुतेक जण फसतात. मल्टीमीटर कंटिन्यूटीवर ठेवून बीप वाजला की वायर ओके म्हणतात. तो बीप काहीच सिद्ध करत नाही. मीटर त्या वायरमधून अगदी किरकोळ करंट सोडतो, तारेचे सगळे धागे कुजून एकच उरला असेल तरी बीप वाजणारच. पण त्याच वायरमधून पाच अँपिअर ओढायला गेलं की ती हात वर करते. जोडाला फक्त ०.१ ओहमचा अडथळा असला तरी ५ अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच खाल्ला जातो, आणि ०.१ ओहम साधा मल्टीमीटर नीट दाखवतही नाही. म्हणून वायर लोडवर, म्हणजे तिच्यातून खरा करंट वाहत असताना, तपासायची.

करायचं असं. चावी ऑन, इंजिन बंद, ब्लोअर (इंजिनच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा), बिल्ज पंप, नेव्हिगेशन लाइट, जे जे डॅशवरून चालतं ते सगळं चालू. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, थिंबलवर नाही, खुद्द शिशाच्या पोस्टवर, आणि दुसरं टोक डॅशच्या मागे जिथे सगळे निगेटिव्ह येतात त्या पट्टीवर. लांब वायर लागेल, घरातली कुठलीही चालेल, फक्त मोजायलाच आहे. आदर्श वायर असती तर शून्य आलं असतं. ०.२ पर्यंत ठीक. ०.३ च्या वर गेलं की त्या रस्त्यात कुठेतरी अडथळा आहे. आमच्या बोटीत दीड व्होल्टच्या आसपास येत होतं, म्हणजे बॅटरीला १२.६ असताना गेजला जेमतेम ११ मिळत होते आणि वरून पॉझिटिव्हच्या बाजूचा ड्रॉप, म्हणजे रस्त्यात खाल्ले जाणारे व्होल्ट, वेगळा. मग एक एक जोड पार करत टोक पुढे न्यायचं, जिथे आकडा एकदम उडी मारतो तो जोड गुन्हेगार. तसंच पॉझिटिव्हला, बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टपासून गेजच्या आय टर्मिनलपर्यंत. गेजच्या मागे साधारणपणे तीन टर्मिनल असतात, आय म्हणजे इग्निशनची फीड, जी म्हणजे निगेटिव्ह, एस म्हणजे सेंडरकडून येणारी वायर, आणि लाइटचं वेगळं.

आमचा जोड सापडला तो डॅशच्या खाली, पायाजवळ. कोणीतरी मूळ वायर कापून मधे घराच्या वायरिंगची वायर जोडली होती, पीळ देऊन वर काळी टेप. टेप सोडवली तर ती चिकट डिंकासारखी झालेली आणि आत पाणी धरून ठेवलेलं. वायरचं रबर थोडं सोललं तर आत तांब्याचा रंगच नव्हता, काळी पूड, नखाने खरवडली तर हातात आली. अजून वीतभर मागे सोललं, तिथेही काळी. खारं पाणी रबराच्या आतून धाग्याधाग्याने वर चढत जातं, त्यामुळे अशा ठिकाणी टोक कापून नवीन थिंबल लावून उपयोग नसतो, तांबं चमकेपर्यंत मागे जावं लागतं आणि बऱ्याचदा पूर्ण वायरच बदलावी लागते. आम्ही पूर्ण बदलली.

वायर कितीची घ्यायची याचा हिशोब सोपा आहे आणि तो कोणी करत नाही. बॅटरी मागे, डॅश पुढे, समजा ५ मीटर अंतर, म्हणजे जाऊन येऊन १० मीटर तांबं. डॅशचा सगळा लोड १५ अँपिअर धरा. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत पावणेदोन व्होल्ट रस्त्यातच संपतात. ६ च्या वायरीत ०.४४ व्होल्ट. १० च्या वायरीत पाव व्होल्टच्या आसपास. बारा व्होल्टच्या सिस्टिममधे महत्त्वाच्या गोष्टींना तीन टक्क्यांपेक्षा जास्त ड्रॉप नको असा नियम धरतात, म्हणजे ०.३६ व्होल्ट, तेव्हा डॅशच्या मेन फीडला आणि तेवढ्याच जाडीच्या निगेटिव्हला १० घ्या. लोक पॉझिटिव्ह जाड घेतात आणि निगेटिव्हला उरलेली बारीक वायर लावतात, असं अजिबात करू नका, करंट तेवढाच परत येतो.

दुसरं ठिकाण म्हणजे इंजिनवरचा मोठा गोल कपलर. जुन्या स्टर्नड्राइव्हमधे डॅशकडून येणारी सगळी वायरिंग एका दहा पिनच्या गोल प्लगमधून इंजिनला जाते आणि त्यावर पाइपला असतो तसा क्लॅम्प आवळलेला असतो. हा प्लग इंजिनच्या उष्णतेत आणि बिल्जच्या ओलाव्यात कायम बसलेला. आमचा उघडला तेव्हा पिनांवर हिरवी पेस्ट होती आणि एक पिन तपकिरी पडलेली, गरम झाल्याची खूण. ही पिन तापते तेव्हा बोट कधी स्टार्ट होते कधी होत नाही आणि चालू असताना सगळे काटे एकदम पडून परत उभे राहतात. बॅटरी काढून ठेवा, क्लॅम्प सोडा, प्लग सरळ ओढा, वाकवू नका. कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक पितळी ब्रश, मादी बाजूला लहान गोल ब्रश. नर बाजूच्या पिना अगदी किंचित फाकवल्या तर पकड घट्ट होते. मग डायइलेक्ट्रिक ग्रीस पातळ लावून परत बसवा आणि क्लॅम्प आवळा. पिन काळी पडून खड्डे पडले असतील तर साफसफाईवर विसंबू नका, प्लग बदला. आउटबोर्डलाही काउलच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) आत असाच मोठा कपलर असतो, तिथेही तेच करायचं.

हे दोन झाल्यावर आमचे निम्मे काटे शहाणे झाले. उरलेल्यांसाठी गेज आणि सेंडर वेगळे करून तपासायचे. गेजच्या मागून एस ची वायर काढा, चावी ऑन करा, काटा कुठे जातो बघा. मग एस आणि जी एका छोट्या वायरने क्षणभर जोडा, परत बघा. अमेरिकन पद्धतीच्या पेट्रोल गेजमधे वायर काढली की काटा एम्प्टीला आणि जोडली की फुल्लला जातो. युरोपियन पद्धतीत बरोबर उलटं. काटा दोन्ही टोकांना नीट जात असेल तर गेज चांगला आहे, त्याला दोष देऊ नका, बिघाड वायरीत किंवा सेंडरमधे आहे.

पेट्रोलचा काटा हे आमचं तिसरं ठिकाण आणि सगळ्यात धोक्याचं. अमेरिकन फ्लोट टाकी रिकामी असताना २४० ओहम दाखवतो आणि भरलेली असताना ३३. युरोपियन फ्लोट रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. आपल्याकडे बाजारात दोन्ही मिळतात, शिवाय ० ते १९० वाले पण मिळतात, आणि दुकानदार हमखास म्हणतो सगळ्याला चालतो. नाही चालत. आमच्या टाकीत कोणीतरी १० ते १८० चा फ्लोट बसवलेला होता आणि डॅशवर गेज २४० ते ३३ चा. म्हणजे टाकी रिकामी होत जाईल तसा काटा फुल्लकडे सरकत होता आणि भरली की एम्प्टीच्या जवळ यायचा. काटा अधूनमधून दुसऱ्या कारणानेही नाचायचा त्यामुळे हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मांडव्याच्या बाहेर वारा सुटलेला असताना फुल्ल दिसतंय म्हणून पुढे गेलं असतं आणि टाकी कोरडी, अशी परिस्थिती होती. म्हणून जुनी बोट घेतली असेल तर काटा बरोबर दिसतोय तरीही एकदा फ्लोटची वायर काढून ओहम मोजा आणि गेजच्या मागचा मॉडेल नंबर बघून जोडी जमतेय का याची खात्री करा.

फ्लोटला हात लावण्याआधी मात्र थांबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमधे तळाला जाऊन बसते, वरून वास येतोच असं नाही. सगळी हॅचं उघडा, ब्लोअर निदान चार मिनिटं चालवा, मग बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा आणि त्यानंतरच टाकीच्या वर काम करा. वर सांगितलेली एस-जी जोडायची टेस्ट डॅशपाशी करा, टाकीपाशी ठिणगी उडेल असं काही करू नका. इंजिनच्या कप्प्यात काही बदलायचं झालं, पंप, ब्लोअर, अल्टरनेटर, सोलेनॉइड, तर ते मरीनचंच इग्निशन प्रोटेक्टेड घ्या. गाडीचा पार्ट दिसायला सेम असतो, बसतोही, पण त्यातून ठिणगी बाहेर येऊ शकते आणि बंद कप्प्यात तेवढं पुरतं. इथे पैसे वाचवू नका, हात जोडून सांगतो.

फ्लोटच्या फ्लँजला (टाकीवर बसणाऱ्या चकतीला) पाच स्क्रू असतात आणि भोकं मुद्दाम एकसारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे तो एकाच दिशेने बसतो, जबरदस्ती करू नका. नवीन फ्लोट घेताना टाकीची खोली मोजून न्या. बसवण्याआधी बाहेर हातात धरून दांडी खालपासून वरपर्यंत फिरवत ओहम बघा, आकडा सलग बदलायला हवा, मधेच गायब झाला तर तो पीस परत करा. नळीत सरकणाऱ्या फ्लोटमधे आकडा टप्प्याटप्प्याने उडी मारतो, तो दोष नाही. गॅस्केट नवीनच. आणि फ्लँजची निगेटिव्ह वायर विसरू नका, फ्लोटकडून गेजला जाणारी गुलाबी वायर चांगली असूनही फ्लँजचं अर्थिंग गेलं तर अमेरिकन गेज एम्प्टीच दाखवणार. आता आपल्याकडे सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलं की खाली पाणी साचतं आणि जुन्या फ्लोटचे कॉन्टॅक्ट आणखी लवकर कुजतात. पावसाळ्याआधी टाकीचा बंदोबस्त करण्याचं हेही एक कारण.

आरपीएमचा काटा मेला असेल किंवा चुकीचा आकडा दाखवत असेल तर मागे एक छोटा सिलेक्टर बघा, ४, ६, ८ असा. चार सिलिंडरचं इंजिन आणि सिलेक्टर ६ वर असेल तर ३००० ला २००० दाखवेल, ८ वर असेल तर १५००. कित्येकदा सिलेक्टर बरोबर जागी असतो पण आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात, चावी बंद ठेवून स्क्रू ड्रायव्हरने त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवा आणि परत जागेवर आणा, फुकटचा इलाज आहे आणि चालतो. आमचा यानेच जिवंत झाला. आउटबोर्डला सिग्नल इग्निशन कॉइलकडून न येता चार्जिंगच्या बाजूने येतो, बऱ्याच इंजिनांना बारा पोलचा अल्टरनेटर म्हणजे एका फेऱ्यात सहा पल्स, मॅन्युअल बघून तसा सिलेक्टर लावा. आणि आउटबोर्डवर आरपीएमचा काटा पडला आणि त्याच वेळी व्होल्टचा काटा १२ च्या आसपास रेंगाळत असेल, तर तो बहुतेक रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करायला एसीचा डीसी करणारा भाग) गेलाय, गेजच्या मागे वेळ घालवू नका, नाहीतर बॅटरी उतरून समुद्रात अडकाल. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढायची नाही, रेक्टिफायर उडायचं ते एक ठरलेलं कारण आहे.

टेंपरेचर आणि ऑइल प्रेशर, या दोन काट्यांवर इंजिनचा जीव आहे. लालमधे गेला तर वायरीचा दोष समजून पुढे जाऊ नका, इंजिन बंद करा, आधी खरंच गरम झालंय का ते ठरवा. लेझरवाली थर्मामीटरची गन आता सगळीकडे मिळते, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर मारा. समुद्राच्या पाण्याने थेट थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट साधारण ६० ते ७० अंशांचा असतो, गन त्याच्या आसपास दाखवतेय आणि काटा लाल, तर काटा खोटा. गन ९० च्या वर दाखवत असेल तर काटा खरा आहे, इंपेलर (थंड करायचं पाणी ओढणारा रबरी पंखा) बघा. काटा खोटा असेल तर सेंडरकडे या. एका वायरचा सेंडर आपला निगेटिव्ह चुड्यांमधून (आट्यांमधून), इंजिनच्या लोखंडातून घेतो. बदलताना लीक नको म्हणून कोणीतरी टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळतं आणि सेंडरचं अर्थिंगच तुटतं. टेप काढा, चुड्यांवर थोडं सीलंट पुरतं. ऑइल प्रेशरचा सेंडरही तसाच, अमेरिकन पद्धतीत प्रेशर शून्य असताना २४० ओहमच्या आसपास. बोटीला दोन ठिकाणी स्टिअरिंग असेल तर दोन गेजसाठी सेंडर निम्म्या ओहमचा लागतो, तिथे एका गेजचा सेंडर टाकला की दोन्ही काटे चुकतात.

काट्यांशिवाय धोक्याचा इशारा देणारा बझर वेगळा असतो, त्याचे स्विच पण वेगळे. चावी ऑन केल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी, बऱ्याच इंजिनांवर तो वाजतो आणि ऑइल प्रेशर आलं की थांबतो. आवाजाचा त्रास होतो म्हणून त्याची वायर काढून ठेवलेल्या बोटी मी बघितल्यात. काटे नीट करताना बझरची वायर आधी जोडा.

स्पीडोमीटर जुन्या बोटींवर पाण्याच्या दाबावर चालतो, ड्राइव्हच्या पुढच्या कडेला बारीक भोक असतं, त्यात खाडीचा चिखल बसतो. नळी गेजपासून सोडवा आणि मग हवा मारा. गेजला जोडलेली असताना हवा मारली तर गेजच फुटेल. नाही सुधारला तर सोडून द्या, जीपीएसचा स्पीड जास्त खरा असतो. ट्रिमचा काटा, म्हणजे ड्राइव्ह किती वर-खाली आहे ते दाखवणारा, बहुतेक वेळा ड्राइव्हजवळच्या सेंडरची वायर वाकून तुटल्यामुळे जातो, बोट पाण्याबाहेर असताना करायचं काम.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल थोडक्यात. व्हीएचएफ रेडिओ ऐकू येतो पण बोलायचं बटण दाबलं की बंद पडतो, ही तक्रार फार येते. ऐकताना तो एक अँपिअरही घेत नाही, २५ वॉटवर बोलताना पाच-सहा घेतो, म्हणजे तीच वर सांगितलेली कुजलेली वायर, रेडिओ चांगला आहे. बटण दाबून धरलेलं असताना रेडिओच्या मागे व्होल्ट मोजा, चॅनल १६ वर मात्र ही टेस्ट करू नका, तो संकटासाठी मोकळा ठेवायचा. अँटेनाचा कनेक्टर उघडा, आतली जाळी हिरवी असेल तर केबल मागे कापून नवीन कनेक्टर लावा. आणि फोनमधे कोस्ट गार्डचा १५५४ सेव्ह असू दे.

जुना जीपीएस पोझिशन बरोबर दाखवतो पण तारीख जवळपास वीस वर्षं मागची, असं असेल तर वायरिंग तपासत बसू नका. जीपीएसमधे आठवडे १०२४ पर्यंत मोजून परत शून्यावर येतात आणि असं शेवटचं ६ एप्रिल २०१९ च्या रात्री झालं. कंपनीचा अपडेट मिळाला तर ठीक, नाहीतर तारखेवर अवलंबून असलेलं काही, भरती-ओहोटीच्या वेळा वगैरे, त्या यंत्रावर बघू नका. नवीन डिस्प्ले घेऊन एनएमईए २००० ची लाइन (यंत्रांना एकमेकांशी जोडणारी केबल) टाकली असेल आणि यंत्रं मधेच एकमेकांना दिसेनाशी होत असतील, तर पॉवर बंद करून पांढऱ्या आणि निळ्या वायरीत ओहम मोजा. ६० यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचा रेझिस्टर) नाहीये किंवा लाइन कुठेतरी तुटलीय.

परत तेच व्हायला नको असेल तर सामान नीट घ्या. वायर कल्हई केलेली, बारीक धाग्यांची, मरीनची. घराची वायर नको, तिचे जाड धागे व्हायब्रेशनने तुटतात. थिंबल चांगल्या टूलने दाबून बसवा, पक्कडीने चेपलेली थिंबल सुटते. नुसतं सोल्डरिंग करून ठेवू नका, सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन मोडते. वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब, गरम केल्यावर टोकाला गोंदाची कड दिसली पाहिजे. भोकं बुजवायला ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते तांब्याजवळ अजिबात नको, त्यातलं अॅसिड तांबं खातं, न्यूट्रल क्युअर मागून घ्या. वायर गेजला किंवा बसबारला जोडण्याआधी थोडी खाली झोळ देऊन वर आणा म्हणजे पाणी झोळावरून टपकेल, टर्मिनलवर जाणार नाही. धुताना प्रेशर वॉशर डॅशवर मारू नका आणि गेजच्या काचा पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नका, त्या प्लास्टिकच्या असतात, तडे जातात.

पावसाळ्यात बोट झाकताना ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट बांधली की आत वाफ कोंडते आणि गेजच्या काचेच्या आतून दव धरतं. दोन्ही टोकांना, पाऊस आत येणार नाही अशी, हवेला वाट ठेवा, डॅशचं मागचं कव्हर काढून ठेवा, बॅटरी घरी न्या आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. आम्ही सगळ्या वायरींना दोन्ही टोकांना नंबर लावलेत आणि हॅचच्या आतल्या बाजूला परमनंट मार्करने लिहून ठेवलंय: फ्लोट रिकामा आणि भरलेला किती ओहम, थंड इंजिनाला टेंपरेचर सेंडर किती, सगळा लोड चालू असताना निगेटिव्हचा ड्रॉप किती. पाण्यात सोडण्याआधी हे आकडे परत घेतो, आणि एखादा हलला असेल तर बोट अजून ट्रॉलीवर असतानाच तो जोड उघडतो.